दाखल्यांच्या कचेरीत बालवाङ्मय

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं अर्ध्यावरच थांबलं, उरलेलं मनाने वाकलो असं समजावं.) मामींनाही नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आता पेपर स्वतः वाचता आणि मामींना मोठ्याने वाचून दाखवून त्यांचंही डोकं उठवता, असं कळलं. ऐकून बरं वाटलं. तुमची भाचेसून बरी आहे. माझ्याबद्दल विचाराल तर तब्येत ठीक, भूक ठीक, बाकी सगळं वाटोळं.

अकरा महिने ज्याने साधा फोन केला नाही, त्याला आज चार-चार ताव लिहायचा उमाळा कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगतो, मामा, ऐकून घेणारं दुसरं कुणी उरलं नाही. परवा जेवताना बायकोने पोळी हातात धरून बजावलं की ताटं उचलेपर्यंत या घरात पुस्तकांचा विषय निघणार नाही. आणि ताटं उचलल्यावर ती शेजारणीकडे जाऊन बसते. शेजारीण मला आता जिन्यात ‘कसं चाललंय?’ असं न विचारता ‘अजून चाललंय का?’ असं विचारते. तेव्हा तुम्हालाच सगळं पहिल्यापासून सांगतो. खुर्चीत नीट टेकून बसा.

आमच्या वाचनालयाचा बालविभाग तुम्ही पाहिलेला आहे. जिना चढून डावीकडची खोली, बुटकी कपाटं, बुटकी स्टुलं. गेली सव्वीस वर्षं मी त्या खोलीत बसतो. एका सोमवारी तिच्या छताचा परातीएवढा तुकडा सुटला आणि थेट ज्ञानकोशांच्या कपाटावर पडला. कुणालाही इजा झाली नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. मला एकट्यालाच वाईट वाटलं, कारण संध्याकाळी साडेपाच वाजता बालविभागात इजा व्हायलासुद्धा एकही बालक नव्हतं, ही गोष्ट त्या निमित्ताने सगळ्या इमारतीला कळली. अभियंता आला, वर बघून च्‌ च्‌ केलं, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली घेऊन गेला. (किल्ली अजून त्याच्याकडेच आहे. अभियंता कुणाकडे आहे, ते कुणाला माहीत नाही.)

आता आमचे मुख्य ग्रंथपाल. त्यांना आम्ही माघारी ‘परिपत्रक’ म्हणतो, कारण ते समोरासमोर बोलतानासुद्धा ‘उपरोक्त’ म्हणतात. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं की बालके उपरोक्त विभागात येत नसल्यास विभागाने बालकांकडे जावे. सार्वजनिक ठिकाणी, जिथे मुलं असतात तिथे, मी पुस्तकं घेऊन जायचं. मुदत तीन महिने. वाचकांची नोंदवही ठेवायची. तीन महिन्यांनी नोंदवही समाधानकारक दिसली तर खोली दुरुस्त होईल. नाही दिसली तर बालवाङ्मय आणि कुमारवाङ्मय दोन्ही तळघरात जाईल, खोलीत जुनी दप्तरं येतील, आणि माझी बदली वर्तमानपत्रांच्या बांधणीकडे होईल. तिथे आधीच एक गृहस्थ आहेत. ते बरीच वर्षं कुणाशी बोललेले नाहीत. मी मधे एकदा त्यांना भेटून आलो. त्यांनी न बोलता त्यांच्या शेजारची खुर्ची पुसून ठेवली. मामा, त्या पुसलेल्या खुर्चीची मला धास्तीच बसली आहे.

मला पुस्तकांचे सहा खोके मिळाले आणि एक ढकलगाडी. ही गाडी पूर्वी सिमेंट वाहायची. तिचं एक चाक उजवीकडे जातं आणि बाकीची तिन्ही त्याचं ऐकतात. त्यामुळे मी या शहरात कुठेही जायला निघालो की आधी डावीकडच्या बोळात शिरतो आणि मग गाडी मला हवं तिथे आणून सोडते. लोकांना वाटतं, मनुष्य प्यालेला आहे. एकदा ओळखीच्या न्हाव्याने दुकानातून बाहेर येऊन मला कोपराला धरून घरापर्यंत सोडलं. गाडीसकट.

पहिलं ठिकाण मीच सुचवलं, पोहण्याचा तलाव. मुलं तिथे शेकड्याने असतात, हे खरं. पण पोहणाऱ्या मुलाचे हात ओले असतात, ही गोष्ट बावन्न वर्षांच्या माणसाला आधी सुचू नये याचं बायकोला अजून नवल वाटतं. पहिल्याच तासात प्राण्यांच्या गोष्टींचे तीन भाग फुगून सहा भागांएवढे झाले. शिकवणाऱ्या बाई शिट्टी वाजवून ‘काठावर पळू नका’ असं ओरडत होत्या, म्हणून मुलं काठावर अगदी चालत आली, पुस्तकं उचलली, आणि त्यांवर उभी राहिली, कारण फरशी तापली होती. प्लॅस्टिकच्या पानांचं एक चित्रांचं पुस्तक होतं, तिमिंगलाचं. ते तरंगतं, असा शोध एका सहा वर्षांच्या संशोधिकेने लावला. चार दिवसांत ते इतक्या जणांनी वापरलं की नोंदवहीत लिहावं असं मला फार वाटलं, पण ‘वाचकाची प्रतिक्रिया’ या रकान्यात ‘बुडलो नाही’ असं लिहिलेलं परिपत्रकांना चाललं नसतं.

तिथून मी बसस्थानकावर गेलो. तिथे मी पुस्तकं नुसती मांडून न ठेवता मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं होतं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. पण स्थानकाचा कर्णा माझ्यापेक्षा मोठा, आणि त्यातल्या बाई माझ्यापेक्षा शांत. मी वाचायचो, “शेळी हळूच दाराशी आली आणि कान टवकारून,” आणि बाई म्हणायच्या, “फलाट क्रमांक चारवर लागली आहे.” मी वाचायचो, “म्हातारा तिला म्हणाला, बाळे, तू,” आणि बाई म्हणायच्या, “पंचेचाळीस मिनिटे उशिराने धावत आहे.” हे ऐकून पोरं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी आणखी आली. तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस जण गोळा झाले. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, बघ. चौथ्या दिवशी कर्णा बिघडला, आणि शेळीची गोष्ट मी पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत विनाअडथळा वाचली. दुसऱ्या पानावर दोघं उरले होते. तिसऱ्यावर एक, तोही आईची पिशवी राखत बसला होता म्हणून.

बाकी लोक मला विक्रेताच समजत. आया लांबूनच पोराचं मनगट आवळून म्हणत, “नाही घ्यायचं आपल्याला.” फुकट आहे म्हटलं की आणखी जोरात आवळत. मोठ्या मुलांसाठी, म्हणजे ज्यांना आपण कुमार म्हणतो आणि जे स्वतःला तसं मुळीच म्हणवून घेत नाहीत त्यांच्यासाठी, परिपत्रकांनी सुचवलं होतं की त्यांना त्यांच्याच भाषेत आवाहन करावं. मी एक फलक लिहिला. त्यात काय लिहिलं होतं ते तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही माझे मामा आहात. पंधरा-सोळा वर्षांच्या चौघांनी तो फलक वाचला, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांच्यातल्या एकीने अतिशय कनवाळूपणे मला विचारलं, “काका, हे तुम्हाला करायला लावलंय का कुणी?” मी हो म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांची बस आली.

दोन आठवड्यांत मला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या. चौकशीच्या खिडकीतला कारकून चहाला जाताना लोकांना माझ्याकडे पाठवायला लागला. मामा, त्या पंधरवड्यात मी कमीत कमी तीनशे माणसांच्या उपयोगी पडलो, आणि नोंदवही कोरी.

शेवटी मी दाखल्यांच्या कचेरीत पोचलो. जन्माचे, राहण्याचे, परदेशी जाण्याचे, सगळे कागद जिथे मिळतात (निदान जिथे मागता येतात) ती ही कचेरी. मोठा हॉल, जमिनीला ठोकलेली बाकं, नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र आणि पाच खिडक्या. त्यातल्या दोन उघड्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरूनच आलं. वाचनाला जे जे लागतं ते सगळं तिथे होतं: बसायला जागा, हातात वेळ, आणि पळून जायला वाव नाही. आईबापांबरोबर आलेली पोरं तासन्‌तास बाकांखालून सरपटत होती. मी गाडी लावली, नोंदवही उघडून ठेवली आणि पाणी प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर नोंदवहीत एकेचाळीस नावं! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मग रकाने वाचले. ‘वाचकाची प्रतिक्रिया’ या रकान्यात लिहिलं होतं: ‘जन्मदाखला, दुसरी प्रत.’ त्याखाली: ‘पत्ता बदल.’ त्याखाली: ‘अर्जंट.’ ती नवी रांग आहे असं वाटून सगळ्या हॉलने तिच्यात नंबर लावला होता. मी खुलासा करायला गेलो, तर बाविसाव्या आणि तेविसाव्या वाचकाची कोण आधी यावरून जुंपली. दारावरच्या रखवालदाराने दोघांना बाजूला केलं आणि मला म्हणाला, “साहेब, तुम्ही आत आल्यापासून इथली शिस्त बिघडली.”

या रखवालदाराबद्दलही सांगायला पाहिजे. निवृत्तीला आलेला, मिशा पांढऱ्या, दंडुका भिंतीला टेकवलेला. त्याने तळ्यातल्या बेडकाचं एक पुस्तक उचललं, आणि रोज चार पानं या वेगाने, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून, तो ते वाचायला लागला. कुणी मूल जवळ आलं की पुस्तक छातीशी धरून म्हणायचा, “आधी माझं होऊ दे.” मी त्याचं नाव लिहिलं, वय अठ्ठावन्न. परिपत्रकांनी त्यावर लाल शाईने गोल काढून लिहिलं, ‘बालक या संज्ञेत बसत नाही.’ मी त्यांना सांगणार होतो की तुम्ही एकदा त्याला बेडूक उडी मारतो त्या पानावर बघा. नाही सांगितलं.

असे पाच आठवडे गेले. आणि मग एका मंगळवारी एक मुलगी माझ्या गाडीशी येऊन उभी राहिली. वय तेरा, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर भाव असा की जगात कुणाचंच काम वेळेवर होत नाही हे तिला आता कळून चुकलं आहे. वडील तिच्याबरोबर होते; बेकरीत भट्टीवर काम करतात, पापण्यांपर्यंत पिठाचे. तिची आई परदेशात परिचारिका आहे, तीन वर्षं झाली. आता आईने मुलीला बोलावून घेतलं आहे, तर कागद निघत नाही. का, तर आईच्या नावातली एक वेलांटी एका कागदावर ऱ्हस्व आहे आणि दुसऱ्यावर दीर्घ. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना सांगितलं, “कागदावर हिला दोन आया दिसतात.” त्यावर ही मुलगी काय म्हणाली असेल? म्हणाली, “आणि दोघीही इथे नाहीत.” बाईंनी खिडकी खाली केली. तेव्हापासून बापलेक दर मंगळवारी येतात.

तर ती मला म्हणाली, “काका, ज्यात शेवटी कुणाला शहाणपण येत नाही, असं एखादं आहे का?”

मामा, सव्वीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी एकेक काढून देत गेलो. ती पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून परत देत गेली. “येतं शहाणपण,” म्हणायची, आणि पुढचं. पाचवा खोका संपला. सहाव्याच्या तळाशी, नकाशांच्या खाली, हिरव्या पुठ्ठ्याचं एक होतं. मी काढणार नव्हतो. तिनेच ओढून काढलं. वर उघडणाऱ्या पुलाचं चित्र. तिने विचारलं, “हे कुणी काढलंय, पट्टी लावून?”

तुम्ही काढलंय, मामा. ते तुमचं पुस्तक होतं. मोजणी खात्यातून निवृत्त व्हायच्या आधी लिहून, पदरमोड करून छापलेलं. त्यातल्या वीस प्रती तुम्ही आमच्या वाचनालयाला भेट दिल्या होत्या, आणि मी त्या अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवल्या होत्या.

तिने शेवटचं पान बघितलं नाही. पहिलं वाचलं आणि तिथेच, गाडीच्या चाकाला पाठ लावून, फरशीवर बसली. तिचा नंबर दोनदा पुकारला गेला. तिसऱ्यांदा वडिलांनी येऊन खांदा हलवला, तेव्हा ती उठली, आणि खिडकीशी उभी राहूनही वाचतच होती. पुढच्या मंगळवारी आली ती थेट माझ्याकडे. पुलावरच्या माणसाची मुलगी सुतळीने नदीची रुंदी मोजते तिथे ती एकटीच मोठ्याने हसली, तर बाकाखालचं एक पोर बाहेर येऊन म्हणालं, काय झालं? तिने त्याला वाचून दाखवलं. मग दुसरं आलं. तिसऱ्या मंगळवारी ती फरशीवर बसून आवाजात वाचत होती आणि भोवती अकरा पोरं होती. मी मोजली. गोष्टीतल्या बापाला ताप चढला आहे, आई औषध आणायला पलीकडच्या काठावर गेली आहे, आणि पूल वर उचललेला: हे चाललं असताना तीन नंबरच्या बाईंनी काच सरकवली. मला वाटलं, ओरडणार. त्या म्हणाल्या, “जरा मोठ्याने वाच ग.” रखवालदाराने बेडूक बाजूला ठेवला.

मी धावत जाऊन परिपत्रकांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पुस्तके किती? मी म्हटलं, एक. ते म्हणाले, पुस्तक एक असल्यास वाचक एक. उर्वरित हे श्रोते होत, आणि श्रोत्यांसाठी रकाना नाही. तीन महिन्यांच्या अहवालात, मामा, ‘एकूण वाचक’ यापुढे एकचा आकडा आहे. टंकलेखिकेने मला दोनदा विचारलं की पुढची शून्यं राहिली का. महिनाअखेरीस खोके तळघरात जातील. मी विरोध केला नाही. काय करू? सव्वीस वर्षं मुलांच्या पुस्तकांत काढली आणि शेवटी एका मुलीला हवं ते पुस्तक तिने माझ्या मदतीशिवाय शोधलं, तेसुद्धा मी लपवल्यासारखं ठेवलं होतं त्या जागेवरून. मी अगदी खचलो आहे. सकाळी चप्पल घालताना वाटतं, आज गाडीला जिथे जायचं तिथे जाऊ दे.

असो. मनातलं बोललो, हलकं वाटलं. तब्येतीला जपा. मामींना सांगा, काळजीचं कारण नाही, उगाच लिहीत बसलो.

तुमचा
बारकू
(आता पंचाऐंशी किलोचा)

ता. क. १: त्या मुलीबद्दल एक छोटीशी तांत्रिक बाब लिहायची राहिली. परवाच्या मंगळवारी ती पान एकशे बारावर पोचली. धरणाचं पाणी सोडलेलं, आई पुलाच्या पलीकडच्या टोकाशी, आणि मुलगी यंत्राच्या खोलीत एकटी. “तिने दोन्ही हातांनी कळ खाली ओढली, आणि” असं ते पान संपतं. तिने उलटलं. पुढे पुठ्ठा. अकरा पोरं, एक रखवालदार आणि तीन नंबरच्या बाई, कुणी श्वास घेईना. मी म्हटलं, पानं गळली असतील, दुसरी प्रत देतो. दुसरी आणली. तिचाही शेवटचा शब्द ‘आणि’. मामा, विसाच्या वीस प्रतींत शेवटचा फर्मा नाही. सोळा पानं बांधणाऱ्याने घातलीच नाहीत.

ता. क. २: मग ती मला म्हणाली, “तुम्ही वाचलंय ना? तोंडी सांगा.” सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. म्हटलं, पूल खाली येतो, आई पळत पळत अलीकडे येते, बापाचा ताप उतरतो, सगळे आनंदात. तिने मागची पानं चाळली. मग म्हणाली, “पूल खाली यायला सात मिनिटं लागतात, पान चाळीसवर लिहिलंय. पाणी पाच मिनिटांत पोचणार होतं.” आणि मग, अजिबात आवाज न चढवता, “तुम्ही वाचलेलं नाही.” मोजणी खात्यातल्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकाबद्दल खोटं बोलू नये, हे मला तेव्हा कळलं. पोरं उठून गेली. रखवालदाराने बेडूक पुन्हा उघडला.

ता. क. ३: हे तिसरं लिहायला मी अर्धा तास घालवला. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही मला सही करून एक प्रत दिली होती, आणि मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं की पुस्तक फार आवडलं, विशेषतः शेवट. मंगळवारी घरी येऊन ती प्रत काढली. तीही ‘आणि’वरच संपते. इतकंच नव्हे तर पान तेहतीसपासून पुढची, कडेला जोडलेली पानं कापून सुटी केलेलीसुद्धा नव्हती. बायको शेजारी उभी होती. तिने सुरी आणून दिली. मामा, मला क्षमा करा. माझ्या त्या पत्रानंतर तुम्ही शेवटाबद्दल कधी काही बोलला नाहीत, दुसरं पुस्तकही लिहिलं नाहीत. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? बावीस वर्षांत सोळा पानं हरवल्याचं एकानेही कळवलं नाही, याचा अर्थ काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पण आता एकीने कळवलं आहे. दोन दिवस खपून मी ते वाचून काढलं. (पुलाच्या खिळ्यांची यादी तेवढी जरा लांबली आहे.) चांगलं आहे हो. मला माहीत नव्हतं इतकं चांगलं आहे. फोनवर हे बोलायचा धीर झाला नाही, म्हणून हे चार ताव.

ता. क. ४: आता विनंती. त्या वेलांटीचं प्रतिज्ञापत्र मंजूर झालं आहे. येत्या मंगळवारी मुलीला कागद मिळेल, आणि मग ती त्या कचेरीत पुन्हा येणार नाही. तिचं काम व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यामुळेच घाई आहे. तुमच्याकडच्या प्रतीत शेवट असेल तर त्या सोळा पानांची नक्कल पाठवा. नसेल तर हस्तलिखित. तेही रद्दीत गेलं असेल तर आठवून लिहा, आता डोळ्यांना बारीक दिसतंच. अक्षर कसंही चालेल. हे पत्र हातोहात पोचवणाऱ्या माणसाला मी थांबायला सांगितलं आहे. त्याला चहा द्या आणि उत्तर झाल्याशिवाय सोडू नका.

ता. क. ५: मुलीने तुमच्यासाठी निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहितो: “त्यांना सांगा, आई पोचली नसेल तरी चालेल. पण माझ्यासाठी गोड करून पाठवू नका, खरं काय झालं ते पाठवा.” तिला चालेल म्हणते, मामा. मला चालणार नाही. पण पुठ्ठ्याच्या मागे ‘वय वर्षे दहा ते चौदा’ असं तुम्हीच छापलं आहे, तेव्हा माझं मत धरू नका.